विद्यार्थी आंबेडकर आणि सकाळचे कॉलेज

डॉ. बाबासाहेब आंबेडकर म्हटले की राज्यघटना, महाडचा सत्याग्रह आणि नागपूरची दीक्षा या तीन गोष्टी आपल्याकडची शाळकरी मुलेही सांगतात. पण बाबासाहेबांचे अर्ध्याहून अधिक आयुष्य या ना त्या नात्याने मुंबईच्या शाळा-कॉलेजांशी बांधलेले होते, त्याविषयी फारसे बोलले जात नाही. ते तेथे विद्यार्थी होते, प्राध्यापक होते, प्राचार्य होते आणि शेवटी त्यांनी स्वतः कॉलेज काढले. आम्ही येथे मुख्यतः तेवढाच भाग सांगणार आहोत. त्याचा एक धागा आपल्या जुन्या हैदराबाद राज्यापर्यंत येतो, हेही त्याचे एक कारण.

भीमरावांचा जन्म १४ एप्रिल १८९१ चा, महू छावणीतला. मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातील आंबडवे. वडील सुभेदार रामजी सकपाळ लष्करी शाळेत शिक्षक होते, त्यामुळे घरात शिक्षणाची ओढ होती. पैसा मात्र नव्हता. साताऱ्याच्या शाळेत इतर मुलांपासून वेगळे बसणे आणि पाण्याच्या भांड्याला हात न लावणे वाट्याला आले. पुढे सुभेदारांनी बिऱ्हाड मुंबईला हलवले.

परळच्या गिरणगावात चाळीतली एकच खोली. तीच स्वयंपाकघर, तीच झोपायची जागा आणि तीच अभ्यासिका. सगळ्यांना एका वेळी पाय पसरायला जागा नव्हती. त्यावर सुभेदारांनी काढलेला तोड चरित्रकारांनी नोंदवून ठेवला आहे. भीमराव लवकर झोपत आणि वडील जागे राहत. रात्री दोनच्या सुमारास वडील मुलाला उठवत व त्याच्या जागी स्वतः आडवे होत. मग रॉकेलच्या दिव्याखाली पहाटेपर्यंत वाचन. उशाशी जाते आणि पायाशी बकरी, अशी ती अभ्यासाची खोली! आज परीक्षेच्या दिवसांत मुलांना उठवता उठवता आम्हा पालकांचा घसा बसतो, तेव्हा हे सुभेदार आठवल्यावाचून राहत नाहीत.

शाळा एल्फिन्स्टन हायस्कूल, सरकारी आणि नामांकित. तरीही संस्कृत शिकायची इच्छा पुरी झाली नाही. जातीमुळे ते दार बंद झाले आणि त्यांना फारसी घ्यावी लागली. संध्याकाळी शाळा सुटली की ते चर्नी रोडच्या बागेत जाऊन वाचत बसत. तेथेच कृष्णाजी अर्जुन केळुस्कर या शिक्षकांची नजर त्यांच्यावर पडली. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले, तेव्हा त्यांचा सत्कार झाला. त्या वेळी केळुस्कर गुरुजींनी त्यांना आपण लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले. पुढे बडोद्याच्या सयाजीराव महाराजांकडून महिना २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली, त्यामागेही गुरुजींची खटपट होती. एखादा शिक्षक वेळेवर भेटणे म्हणजे काय, ते यावरून कळते.

एल्फिन्स्टन कॉलेजात १९०८ साली प्रवेश झाला. मुलर नावाचे प्राध्यापक त्यांना पुस्तके देत, कपडेही देत. त्याच कॉलेजातील उपाहारगृहाचा चालक मात्र त्यांना चहा तर सोडाच, पाणीही देत नसे. एकाच आवारात दोन्ही प्रकारची माणसे होती. १९१२ साली इंग्रजी व फारसी हे विषय घेऊन ते बी.ए. झाले. १९१३ च्या फेब्रुवारीत वडील गेले. त्याच वर्षी सयाजीरावांच्या मदतीने भीमराव न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पोचले. तेथील आणि लंडनमधील पदव्यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे, ते येथे पुन्हा सांगत नाही.

शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे लंडनचे शिक्षण अर्धवट टाकून १९१७ साली परत यावे लागले. पुढच्या वर्षी नोव्हेंबरात ते मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. पगार ४५० रुपये, त्या काळी भला मोठा. सुरुवातीला मुलांनी त्यांना फारसे मोजले नाही. पण थोड्याच दिवसांत इतर कॉलेजांचे विद्यार्थीही त्यांच्या तासाला येऊन बसू लागले. तरीही प्राध्यापकांच्या पाण्याच्या माठाला त्यांनी हात लावू नये, असे काही सहकाऱ्यांचे म्हणणे होतेच. विद्यार्थी असताना पाणी, प्राध्यापक झाल्यावरही पाणी! राहणे मात्र परळच्या चाळीतच ठेवले. संसार काटकसरीने चालवून, पैसा गाठीला बांधून, कोल्हापूरच्या शाहू महाराजांची आणि नवल भथेना या पारशी मित्राची मदत घेऊन १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले व अर्धे राहिलेले शिक्षण पूर्ण करूनच आले.

त्यानंतर वकिली, सभा, सत्याग्रह. त्यातही शिकवणे सुटले नाही. सरकारी लॉ कॉलेजात आधी प्राध्यापक आणि १९३५ पासून प्राचार्य. १९२४ च्या बहिष्कृत हितकारिणी सभेने हाती घेतलेल्या पहिल्या कामांत सोलापूरचे विद्यार्थी वसतिगृह होते. आम्हाला हे महत्त्वाचे वाटते. मुलाला राहायला जागा नसेल तर कॉलेजचे नाव काढून उपयोग नाही, हे परळच्या खोलीत शिकलेल्या माणसाला कोणी वेगळे समजावून सांगायला नको होते.

८ जुलै १९४५ रोजी त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि २० जून १९४६ रोजी मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू झाले. सुरुवात लष्कराच्या बराकींत झाली, पुढे कॉलेज फोर्टात आले. या कॉलेजची खरी गोष्ट त्याच्या वेळापत्रकात आहे. वर्ग सकाळी भरत. तास संपवून विद्यार्थी कचेरीत, पेढीवर किंवा दुकानात वेळेवर हजर होऊ शकत असे. फोर्ट म्हणजे कचेऱ्यांचाच भाग, त्यामुळे कॉलेजातून कामावर चालत जाता येई. दलित मुलांसाठी काढलेल्या या कॉलेजचे दार सर्व जातींना उघडे होते आणि पोटासाठी नोकरी धरलेल्या हजारो मुलांना त्यामुळे पदवी मिळाली. मधू दंडवते यांच्यासारखे प्राध्यापक तेथे शिकवत. विद्यार्थ्यांची संसद भरे, तिच्यात खुद्द बाबासाहेब येऊन बोलत. त्यांच्या संग्रहातील बरीच पुस्तके याच कॉलेजच्या ग्रंथालयात आली. १९५३ साली वाणिज्य कॉलेज आणि १९५६ साली विधी कॉलेज निघाले.

आमच्या पिढीतील पुष्कळांनी डिप्लोमा पुरा करून मिळेल ती नोकरी धरली. पुढची पदवी मग राहिली ती राहिलीच. तालुक्याच्या ठिकाणी साडेदहाच्या कचेरीआधी भरणारे कॉलेज आम्हाला कोणी दिले नाही. म्हणून हे वेळापत्रक आम्हाला कोणत्याही भव्य इमारतीपेक्षा मोठे वाटते.

आता आपल्याकडे येऊ. निजामाच्या राज्यात मोठे शिक्षण म्हणजे हैदराबाद. उस्मानिया विद्यापीठाचे शिक्षण उर्दूतून. घरी मराठी, बाजारात तेलुगू आणि कॉलेजात उर्दू, अशी मराठी मुलाची तिहेरी ओढाताण. गरिबाचा मुलगा तेथवर जाणार कसा? हैदराबाद राज्य भारतात विलीन झाल्यावर बाबासाहेबांनी दुसऱ्या कॉलेजसाठी मुंबई-पुणे न निवडता औरंगाबाद निवडले. जून १९५० मध्ये कॉलेज सुरू झाले. १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते इमारतीची कोनशिला बसवली गेली. पुढे कॉलेजला मिलिंद हे नाव मिळाले आणि परिसराला नागसेनवन. प्रश्न विचारणारा राजा मिलिंद, उत्तरे देणारा भिक्षू नागसेन. कॉलेजला प्रश्न विचारणाऱ्याचे नाव, हे आम्हाला फार आवडते. बांधकामाकडे आणि झाडे लावण्याकडे बाबासाहेबांचे जातीने लक्ष असे.

ते कॉलेज तेव्हा उस्मानिया विद्यापीठाला जोडलेले होते, म्हणजे आपल्याच राज्यातले. किनवट आणि राजुरा हेही त्या काळी आदिलाबाद जिल्ह्याचेच तालुके. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. औरंगाबाद मुंबई राज्यात गेले, किनवट-राजुरा गेले, आपण इकडे राहिलो. पुढच्याच महिन्यात, ६ डिसेंबरला, बाबासाहेब गेले. आपली मुले अजूनही नांदेडला, नागपूरला आणि आता छत्रपती संभाजीनगर झालेल्या औरंगाबादला शिकायला जातात. प्रवेशाच्या खिडकीवर त्यांना रहिवासी दाखला मागतात, आणि आपला दाखला तेलंगणाचा असतो.