अन्नछत्रांचा राजा : तंजावरचे दुसरे सरफोजी

पोटापाण्यासाठी मुलूख सोडून आलेल्या मराठी माणसाला परगावी पहिली आठवण होते ती घरच्या पानाची. चार ओळखीची माणसे एका पंगतीला बसली की परका गाव थोडा आपला वाटू लागतो. आपल्या मंडळांचा इतिहास पाहू जाता त्याच्या मुळाशी अशी एखादी पंगत सापडतेच. म्हणून सुवर्णमहोत्सवाच्या या प्रसंगी, आपल्याही पुष्कळ आधी दक्षिणेत जाऊन राहिलेल्या एका मराठी राजाचे स्मरण करावेसे वाटते. तंजावरचे दुसरे सरफोजी राजे भोसले विद्याव्यासंगी म्हणून सर्वांस ठाऊक आहेत. परंतु त्यांनी चालविलेल्या अन्नछत्रांची हकीकत तितकीशी परिचित नाही.

शिवछत्रपतींचे सावत्र बंधू व्यंकोजी यांनी सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात तंजावरास राज्य स्थापिले. त्याच वंशातील राजे तुळजाजी यांना औरस वारस न उरल्याने त्यांनी १७८७ साली भोसले कुळातील एक मुलगा दत्तक घेतला. १७७७ साली जन्मलेला हा मुलगा म्हणजेच सरफोजी. थोड्याच अवधीत तुळजाजी निवर्तले आणि त्यांचे सावत्र बंधू अमरसिंह गादीवर बसले. बाल सरफोजीच्या वाट्याला उपेक्षा आली. श्वार्त्स नावाच्या जर्मन मिशनऱ्याने त्यांचा कैवार घेतला. १७९३ साली त्यांना मद्रासेस नेण्यात आले व तेथे त्यांचे शिक्षण झाले. अखेर १७९८ साली त्यांना गादी मिळाली.

गादी मिळाली, पण राज्य मिळाले नाही. १७९९ च्या तहाने मुलुखाचा कारभार कंपनी सरकारकडे गेला. राजांच्या हाती उरला तंजावरचा किल्ला व त्याभोवतीचा थोडा प्रदेश, आणि निर्वाहासाठी वार्षिक एक लक्ष होन व वसुलाचा पाचवा हिस्सा. वयाच्या बाविसाव्या वर्षी हा राजा सत्तेवाचून उरला.

अशा वेळी एखादा मनुष्य विलासात बुडाला असता, किंवा मानापानासाठी भांडत बसला असता. सरफोजींना चिंता लागली ती छत्रांची. तंजावरहून रामेश्वराकडे जाणाऱ्या वाटेवर त्यांच्या पूर्वजांनी ठिकठिकाणी छत्रे बांधली होती. त्यांच्या खर्चासाठी गावे लावून दिलेली होती. मुलूख गेला तेव्हा ही गावेही जाणार आणि चुली विझणार, अशी वेळ आली. १८०१ च्या जानेवारीत राजांनी रेसिडेंट बेंजामिन टोरिन यांस सविस्तर पत्र लिहून छत्रांचा कारभार कसा चालतो ते समजावून सांगितले आणि ती गावे छत्रांकडेच राहू द्यावीत अशी मागणी केली.

त्या पत्रात वर्णिलेली व्यवस्था आजही विचार करावयास लावणारी आहे. ब्राह्मणापासून अंत्यजापर्यंत येईल त्या प्रवाशाला, तसेच जोगी, जंगम, बैरागी यांना भात मिळे. शिजलेले अन्न ज्यांना चालत नसे त्यांना कोरडा शिधा दिला जाई. हे वाटप मध्यरात्रीपर्यंत चाले. मग घंटा वाजवून, कोणी उपाशी राहिला असल्यास त्याने यावे, असा पुकारा होई. पावसापाण्याने अडकलेल्यांना मुक्काम असेतो जेवण मिळे. आजाऱ्यास वैद्य, औषध व पथ्याचे अन्न, तान्ह्या मुलांस दूध, वाटेत प्रसूत झालेल्या स्त्रीस तीन महिने आसरा, अशी तजवीज असे. परक्यांची पोरकी मुले पंतोजींच्या हवाली केली जात. त्यांना त्रिकाळ जेवण, वस्त्र आणि विद्या मिळे, पुढे त्यांच्या लग्नाचा खर्चही छत्रच करी. वाटेत कोणी मरण पावल्यास त्याच्या जातिधर्माप्रमाणे अंत्यविधी होई. जातिभेदाचा तो काळ होता, तरी छत्राच्या दारातून कोणी विन्मुख जाऊ नये हा दंडक होता.

छत्रांचा कारभार राजांकडेच राहिला. इतकेच नव्हे, तर त्यांनी त्यात भर घातली. तंजावरहून पट्टुकोट्टैकडे जाताना ओरत्तनाडू नावाचे लहानसे गाव लागते. तेथे मुक्तांबा या आपल्या अकाली निवर्तलेल्या सहचरीच्या नावे त्यांनी १८०२ च्या सुमारास भव्य छत्र उभारले. आपल्यामागे आपल्या नावे अन्नदान व्हावे, ही तिची अंतिम इच्छा होती असे सांगतात. छत्राच्या दर्शनी भागी दगडी घोडे व हत्ती कोरलेले आहेत, जणू ते सारे बांधकाम रथासारखे ओढून नेत आहेत. गावाला मुक्तांबापुरम् असेही नाव पडले. यात्रेकरूंच्या पंगती आणि विद्यार्थ्यांची शाळा यांनी ते आडवाटेचे गाव गजबजून गेले.

सरफोजींच्या इतर कार्याचा येथे केवळ उल्लेखच शक्य आहे. त्यांनी देवनागरी छापखाना काढला, त्यातून १८०६ साली इसापनीतीचे मराठी भाषांतर छापून निघाले. बृहदीश्वराच्या मंदिरावर भोसले कुळाचा इतिहास मराठीत कोरविला. सरस्वती महाल ग्रंथालय देशोदेशींच्या ग्रंथांनी समृद्ध केले. धन्वंतरी महालात नेत्ररोग्यांवर उपचार करून त्यांच्या नोंदी ठेवविल्या. पाकशास्त्रही त्यांच्या दरबारात ग्रंथरूप झाले. १८२० मध्ये काशीयात्रेस निघून ते दोन वर्षांनी परतले. ७ मार्च १८३२ रोजी त्यांचे देहावसान झाले. त्यांचे पुत्र शिवाजी यांच्या निधनानंतर, १८५५ साली, तंजावरचे संस्थान संपुष्टात आले.

राज्य गेले, पण तंजावरी मराठी माणसे तेथेच राहिली. दक्षिणी वळणाची का होईना, त्यांनी आपली मराठी घरात जपली. स्वतःची भाषा राखणे आणि परक्याला जेवू घालणे यांत सरफोजींना विरोध दिसला नाही. त्यांच्या छत्रांत येणारे बहुसंख्य लोक मराठी नव्हतेच.

पन्नास वर्षे आपण गणेशोत्सवाची, कोजागरीची, संक्रांतीची पंगत हौसेने मांडत आलो. आपल्या माणसांची आठवण आपण ठेवलीच. ज्या गावाने आपल्याला जागा दिली, त्या गावातील माणसेही आपल्या पानावर असावीत. त्या मध्यरात्रीच्या घंटेचे स्मरण ठेवून मंडळाने पुढील पन्नास वर्षांचा संकल्प करावा, एवढीच या शुभप्रसंगी प्रार्थना.