डॉ. जॉर्ज माते : दुखण्यातच औषध शोधणारा माणूस

अणुभट्टी म्हटलं की आपल्याला परीक्षेतली आकृती आठवते. मला मात्र आता विंचा आठवतं. १५ ऑक्टोबर १९५८ रोजी युगोस्लाव्हियात, बेलग्रेडजवळच्या या केंद्रात प्रायोगिक अणुभट्टी हाताबाहेर गेली. सहा जणांना किरणोत्साराचा जबर मारा बसला. त्यातले बरेचसे विद्यार्थीच, आपल्याहून थोडेच मोठे!

त्यांना पॅरिसला हलवलं. तिथे उपचार करणारे डॉ. जॉर्ज माते (जन्म १९२२) जेमतेम छत्तिशीचे होते. त्यांनी पाच जणांना अस्थिमज्जा, म्हणजे हाडांमधला रक्त तयार करणारा गर, दिली. देणारे होते नात्यागोत्याचे नसलेले फ्रेंच लोक. एक रुग्ण दगावला, चौघे वाचले. ती मज्जा कायमची रुजली नाही, त्यामुळे ते नेमके कशाने वाचले यावर पुढे वाद झाला. पण माते थांबले नाहीत.

१९६३ मध्ये त्यांनी रक्ताच्या कर्करोगाने आजारी असलेल्या एका तरुण डॉक्टरचा अहवाल प्रसिद्ध केला. आधी किरणांनी त्याची मज्जा नष्ट केली, मग सहा नातेवाइकांची दिली. मज्जा रुजली, पण नवीन संकट आलं. दात्याच्या रोगप्रतिकारक पेशी रुग्णाचं शरीर परकं समजून त्याच्यावरच तुटून पडल्या. दुसरा कोणी याला निव्वळ उपद्रव म्हणाला असता. मात्यांचं डोकं वेगळं चाललं : याच पेशी उरलेला कर्करोगही मारत असणार! तो रुग्ण सुमारे वीस महिन्यांनी संसर्गाने गेला, पण कर्करोग परतला नव्हता.

या विचाराचं खरं फळ १९९० मध्ये दिसलं. म्युनिकच्या डॉ. कोल्ब यांनी प्रत्यारोपणानंतर जुनाट ल्युकेमिया उलटलेल्या तीन रुग्णांना पुन्हा प्रत्यारोपण न करता मूळ दात्याच्याच पांढऱ्या पेशी शिरेतून दिल्या, जोडीला इंटरफेरॉन. रोग हटला. तीव्र ल्युकेमियात हा उपाय कमी चालतो आणि शरीरावरच्या हल्ल्याची भीती असतेच, म्हणून आज थोड्या पेशींपासून सुरुवात करून मात्रा बेताबेताने वाढवतात.

माते २०१० मध्ये गेले. प्रयोगात नको ते रीडिंग आलं की आपण ते खोडून मोकळे होतो. मात्यांनी तेच नीट पाहिलं, म्हणून मला हा माणूस आपल्या लॅबमध्ये आठवावासा वाटतो.