होमी भाभा आणि एक जादा इलेक्ट्रॉन

दिवाळी अंकासाठी डॉ. होमी भाभांवर लिहायचं ठरवलं, तेव्हा बायको म्हणाली की अप्सरा आणि विमान अपघात सगळ्यांना पाठ आहे, नवीन काय सांगणार? प्रश्न रास्त होता. म्हणून मंडळी, ही हकीकत मी त्यांच्या आत्यापासून सुरू करतो.

होमींचा जन्म ३० ऑक्टोबर १९०९ चा, मुंबईचा. वडील जहांगीर भाभा बॅरिस्टर. त्यांची बहीण मेहेरबाई ही सर दोराबजी टाटांची पत्नी. होमीने केंब्रिजला इंजिनीअर व्हावं आणि परत येऊन जमशेदपूरचा पोलाद कारखाना बघावा, असा घरचा बेत होता. (आपल्याकडे आजही मुलांचे बेत असेच ठरतात, फक्त जमशेदपूरच्या जागी बँक आली!) १९२७ साली ते केंब्रिजला गेले, वडिलांच्या शब्दाखातर इंजिनीअरिंगची परीक्षा उत्तम रीतीने पास झाले आणि मग हवं तेच केलं, म्हणजे फिजिक्स. १९३२ मध्ये तिथल्याच कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत कॉक्रॉफ्ट आणि वॉल्टन यांनी यंत्राने वेगवान केलेल्या प्रोटॉनने लिथियमचं अणुकेंद्र फोडलं. भाभा तेव्हा ऐन तारुण्यात तिथे होते. पुढे इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉनच्या टकरीचं त्यांनी मांडलेलं गणित आजही 'भाभा स्कॅटरिंग' या नावाने वापरतात.

दरम्यान १९३१ साली मेहेरबाई रक्ताच्या कर्करोगाने गेल्या. वर्षभरात दोराबजीही गेले. त्यांच्या ट्रस्टने १९४१ साली परळला टाटा मेमोरियल हॉस्पिटल उघडलं.

१९३९ मध्ये सुट्टीवर आलेले भाभा महायुद्धामुळे इथेच अडकले, बंगळूरला रामन यांच्याकडे राहिले, आणि १९४५ मध्ये त्यांनी टीआयएफआर उभी केली. माणूस कागद-पेन्सिलवाला, पण यंत्रांची हौस दांडगी. टीआयएफआरमध्ये कॉक्रॉफ्ट-वॉल्टन पद्धतीचं यंत्र आलं, आणि साठच्या दशकाच्या सुरुवातीला तुर्भ्याला ५.५ दशलक्ष व्होल्टचं व्हॅन डी ग्राफ. १९६२ साली टाटा मेमोरियल अणुऊर्जा खात्याकडे आलं. कॅन्सरचं हॉस्पिटल अणुऊर्जा खात्याकडे, हे आजही ऐकायला जरा विचित्र वाटतं. माझ्या मते भाभांच्या कारकिर्दीतला हा सर्वांत दूरदृष्टीचा निर्णय, अणुभट्ट्यांपेक्षाही. २४ जानेवारी १९६६ ला माँ ब्लाँवर विमान कोसळलं तेव्हा ते अवघे ५६ वर्षांचे होते.

आता तो जादा इलेक्ट्रॉन. हायड्रोजनच्या अणूत एक प्रोटॉन, एक इलेक्ट्रॉन. तो इलेक्ट्रॉन काढायला १३.६ इलेक्ट्रॉन व्होल्ट लागतात. पण हा अणू आणखी एक इलेक्ट्रॉन कसाबसा कडेवर घेऊ शकतो. त्याची पकड अगदीच ढिली, सुमारे ०.७५, म्हणजे अठरावा हिस्सा. असा ऋण आयन बनवणंही कठीण आणि टिकवणंही. मग एवढा खटाटोप कशाला? तर सायक्लोट्रॉनमध्ये चुंबकाच्या जोरावर कण गरगर फिरत बाहेर-बाहेर सरकतो, त्याला बाहेर काढणं हीच मोठी डोकेदुखी. धन कण काढताना बरेचसे आतच आपटतात आणि यंत्र किरणोत्सारी होऊन बसतं. ऋण आयनाच्या वाटेत मात्र कार्बनचा पातळ पापुद्रा धरला की दोन्ही इलेक्ट्रॉन गळून पडतात, उरतो प्रोटॉन. विद्युतभार उलटला की वळणही उलटतं, आणि स्वारी आपणहून बाहेर!

हे आयन भरपूर कसे मिळवायचे, यावर जगभर डोकेफोड चालली होती. १९७१ मध्ये सायबेरियातल्या नोवोसिबिर्स्कला वादिम दुदनिकोव्ह यांनी दाखवलं की आयन-स्रोतात चिमूटभर सीझियम सोडलं की ते कितीतरी वाढतात. मोठ्या प्रवेगकांना त्याचा फार उपयोग झाला. भाभांना जाऊन तेव्हा पाच वर्षं झाली होती. तुर्भ्याचं त्यांच्या वेळचं व्हॅन डी ग्राफ पुढे आपल्याच लोकांनी बदललं. २००० सालापासून ते 'फोटिया' नावाने ऋण आयनांवर चालू लागलं. आयन वर जाताना ऋण, टोकाला इलेक्ट्रॉन झडले की धन, आणि १८० अंशांत वळून खाली. एकाच व्होल्टेजचा दोनदा फायदा. हा काटकसरीपणा आपल्याला शिकवायला नको!

आणि परळ? टाटा मेमोरियलच्या ॲनेक्समधल्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये २००२ साली देशातला पहिला वैद्यकीय सायक्लोट्रॉन सुरू झाला. तो चालतो हायड्रोजनच्या ऋण आयनांवरच. त्यातून निघालेले प्रोटॉन खास पाण्यावर आदळून फ्लोरिन-१८ बनतं, ते साखरेसारख्या रेणूला जोडून पेशंटला टोचतात, आणि साखरेची हावरी कॅन्सरची गाठ स्कॅनमध्ये उजळून दिसते. फ्लोरिन-१८ दर ११० मिनिटांनी निम्मं होतं. मुंबईच्या ट्रॅफिकमधून ते लांबून आणायचं म्हणजे कठीणच, म्हणून यंत्र हॉस्पिटलच्या पदरीच हवं. माझ्या मावशीचा स्कॅन तिथलाच. दादरहून टॅक्सीने गेली, दुपारी घरी परतली आणि संध्याकाळी फोनवर मला विचारत होती, यिशुनला कोथिंबीर कशी जुडी मिळते म्हणून.