काझी नझरुल इस्लाम

बर्दवान जिल्ह्यातील चुरुलिया गावी १८९९ साली जन्मलेले नझरुल लहानपणी पोटासाठी मशिदीत अजान देत. पुढे १९२४ साली त्यांनी हिंदू घरच्या प्रमिलादेवींशी, धर्म बदलायला न लावता, विवाह केला आणि मुलाचे नाव ठेवले कृष्ण महंमद! कर्मठ मौलवींनी त्यांना काफर ठरविले. नाके मुरडणारे हिंदूही होतेच. उस्ताद जमीरुद्दीन खाँसाहेबांकडे शिकलेल्या या कवीने अल्लाची आणि कालीमातेची गीते सारख्याच ओढीने रचली. गवयाच्या घरात वाढलेल्या आम्हांला यात नवल वाटत नाही. भैरवीचा धर्म कोणता, असे वडिलांनी कधी विचारले नाही.

१९४२ साली आजाराने त्यांची वाचा गेली. फाळणीनंतर नव्या पाकिस्तानात त्यांच्या एका संचलनगीतातले ‘महाश्मशान’ काढून तेथे ‘गोरस्थान’ बसविण्यात आले. कवी कलकत्त्यात हयात होता. पण हरकत घ्यायला वाचाच उरली नव्हती. १९७१ साली बांगलादेश स्वतंत्र झाला. धर्माच्या नावाने झालेला संहार पाहिलेल्या त्या राष्ट्राने १९७२ मध्ये धर्मनिरपेक्षता राज्यघटनेत घातली, आणि त्याच वर्षी नझरुलांना सन्मानाने ढाक्याला नेले. २९ ऑगस्ट १९७६ रोजी ते तेथेच वारले. ढाका विद्यापीठाच्या मशिदीशेजारी त्यांची कबर आहे.