देवगिरीचे राजे रामदेवराव यादव

श्रींच्या दर्शनास येणारे भाविक मंदिराच्या चुन्याविना सांधलेल्या शिळा पाहून कार्यालयात नेहमी विचारतात की, ही बांधणी कोणत्या राजाच्या काळची? अशा बांधणीस लोक हेमाडपंती म्हणतात. प्रत्यक्षात ही पद्धत हेमाद्री पंडितांच्या आधीपासून प्रचारात होती. परंतु नाव त्यांचे रूढ झाले. हेमाद्री हे देवगिरीच्या यादव दरबारात श्रीकरणाधिप, म्हणजे राज्याच्या लेखन-कारभाराचे प्रमुख होते. त्यांनी ज्यांच्या पदरी सेवा केली, त्या राजा रामचंद्रदेव ऊर्फ रामदेवराव यांचे चरित्र भाविकांच्या माहितीसाठी येथे संक्षेपाने देत आहोत.

सिंहासनाचा वाद

रामदेवराव हे यादव राजा कृष्णदेव यांचे पुत्र. इ.स. १२६१ च्या सुमारास कृष्णदेव निवर्तले, तेव्हा राज्य त्यांचे धाकटे बंधू महादेवराव यांच्याकडे गेले. महादेवरावांनी सुमारे दहा वर्षे राज्य केले. त्यांच्यामागे गादी थोरल्या भावाच्या पुत्राकडे परत यावयास हवी होती; परंतु त्यांचा पुत्र आमणदेव सिंहासनावर बसला. रामदेवरावांना हे मान्य झाले नाही.

देवगिरीचा किल्ला बळाने घेणे अवघड होते. डोंगराचे कडे भिंतीसारखे उभे होते. तत्कालीन मराठी वाङ्मयातील वृत्तांतानुसार रामदेवरावांनी नटांचा मेळा सजवला, स्वतः त्याचे नायक झाले आणि विश्वासू माणसांना गायक-वादकांच्या वेशात गडावर नेले. आमणदेव खेळ पाहण्यास बसले असता नटांनी शस्त्रे बाहेर काढली. पराभूत आमणदेवांचे डोळे काढण्यात आले, असे त्या काळच्या लेखनावरून समजते. गादीवर हक्क सांगू शकेल अशा भाऊबंदास आंधळे करण्याची क्रूर रीत तेव्हा अनेक राजघराण्यांत होती. इ.स. १२७१ च्या सुमारास रामदेवराव राजे झाले. महादेवरावांचे हेमाद्री मात्र नव्या राजाच्या पदरीही त्याच अधिकारावर राहिले. राजा बदलला तरी जमाखर्च चालवणारा माणूस दरबारास हवाच असतो.

वैभवाचा काळ

पुढील पंचवीस वर्षांत मराठी भाषेला जे लाभले, ते पूर्वी कधी लाभले नव्हते. इ.स. १२९० मध्ये, शके १२१२ मध्ये, नेवासे येथे ज्ञानेश्वरी पूर्ण झाली. ग्रंथाच्या शेवटी श्रीज्ञानेश्वर महाराजांनी या यदुवंशीय राजाचा न्यायाने राज्य करणारा म्हणून उल्लेख केला आहे. हेमाद्रींनी व्रते, दाने, तीर्थे यांचा विस्तृत ग्रंथ चतुर्वर्गचिंतामणी याच घराण्याच्या आश्रयाने रचला. महानुभाव परंपरा सांगते की, नरेंद्र कवींचे रुक्मिणीस्वयंवर ऐकून राजाला ते इतके आवडले, की प्रत्येक ओवीस सुवर्णमुद्रा देऊन ते आपल्या नावावर करून मागितले. कवींनी ते नाकारले.

देवगिरीवरील संकट

इ.स. १२९६ मध्ये दिल्लीचे सुलतान जलालुद्दीन खिलजी यांचा पुतण्या व जावई अलाउद्दीन, सुलतानास कळू न देता, काही हजार घोडेस्वारांसह दक्षिणेत उतरला. लासूरच्या घाटात कान्ह नावाच्या सामंताने त्यास अडवले. दोन स्त्रियाही तेथे शौर्याने लढल्याचे मुसलमान इतिहासकाराने नमूद केले आहे. पण घाट पडला. यादवांचे मुख्य सैन्य युवराज शंकरदेव यांच्यासोबत दूर होते. रामदेवराव हाताशी असलेल्या लोकांनिशी गडावर गेले. खालचे नगर लुटले गेले, व्यापारी व सावकार पकडले गेले. मागून सुलतानाची मोठी फौज येत आहे, अशी आवई शत्रूने उठवली होती.

घाईने गडावर चढवलेल्या पोत्यांत धान्याऐवजी मीठ निघाले, असे इतिहासकार फेरिश्ता सांगतो. कोकणातून मीठ आणणारे व्यापारी ती पोती टाकून पळाले होते. कडे अभेद्य होते. पण पोटाला अन्न नव्हते. शंकरदेव परतून लढले, तेही हरले. अखेर सोने, मोती, रत्ने, रेशमी वस्त्रे देऊन आणि एलिचपूर प्रांताचा वसूल मान्य करून तह झाला.

ही संपत्ती घेऊन परतलेल्या अलाउद्दीनने त्याच वर्षी भेटीस आलेल्या चुलत्याचा वध केला आणि देवगिरीच्या धनातून सरदार वश करून दिल्लीचे तख्त घेतले. चुलत भावाची गादी कपटाने घेणाऱ्या राजाचे भांडार, अशा रीतीने, चुलत्याची गादी कपटाने घेणाऱ्याच्या कामी आले.

अखेरची वर्षे

पुढे खंडणी थांबली, तेव्हा इ.स. १३०७ च्या सुमारास मलिक काफूर चालून आला. रामदेवरावांना दिल्लीस नेण्यात आले. तेथे त्यांचा अवमान झाला नाही. रायरायान हा किताब देऊन राज्य परत दिले गेले. मात्र त्यानंतर दक्षिणेकडे जाणाऱ्या दिल्लीच्या फौजांना साहाय्य करणे त्यांना भाग पडले. इ.स. १३१० चा, शके १२३२ चा, त्यांचा ताम्रपट बीड जिल्ह्यातील पुरुषोत्तमपुरी येथे सापडला आहे. अधिक मासात यात्रेस जाणाऱ्या भाविकांना हे गोदातीरीचे क्षेत्र परिचित आहे. त्यात राजाच्या विजयांचे मोठे वर्णन आहे. दिल्लीचा उल्लेखही नाही. इ.स. १३११ च्या सुमारास रामदेवराव निवर्तले. शंकरदेव दोन वर्षांत युद्धात मारले गेले. जावई हरपाळदेव यांनी केलेला उठाव इ.स. १३१८ च्या सुमारास मोडला गेला व त्यांना अत्यंत निर्घृणपणे ठार करण्यात आले. यादवांचे राज्य संपले.

मागे काय उरले

पंढरपूरच्या श्रीविठ्ठल मंदिरात चौऱ्यांशीचा शिलालेख आहे. शके ११९५ ते ११९९ या काळात, म्हणजे इ.स. १२७३ ते १२७७ मध्ये, मंदिरासाठी कोणी काय दिले, त्याची ही नोंद होय. त्यात राजा रामदेवराव आहेत, हेमाद्री पंडित आहेत आणि ज्यांची नावे अन्य कोठेही आढळत नाहीत असे कित्येक सामान्य भक्तही आहेत. चौऱ्यांशीचा फेरा चुकावा म्हणून वारकऱ्यांनी पिढ्यान् पिढ्या या शिळेला पाठ घासली आणि पुष्कळ अक्षरे झिजली. झिजलेल्या अक्षरांत राजाचे नाव कोणते आणि वाटसरूचे कोणते, हे पाठ घासणाऱ्याने कधी विचारले नाही. देवगिरीचे भांडार दिल्लीस गेले. त्या चार वर्षांत देवापुढे ठेवलेले तेवढे राजाच्या नावावर आजही जमा आहे.

भाविकांनी देवगिरी, नेवासे व पंढरपूर ही तिन्ही स्थाने अवश्य पाहावीत. श्रींची कृपा सर्वांवर राहो.