मैदान सर्वांचे

कोलकात्याच्या विस्तीर्ण मैदानापासून जवळच खिदिरपूर ही गोदीकाठची दाट वस्ती आहे. विसाव्या शतकाच्या अखेरीस तेथील गरीब घरांतील मुली मुष्टियुद्धाचे शिक्षण घेऊ लागल्या. ज्यांच्या वाट्याला खेळ सहसा येत नाही, त्यांच्यासाठी आखाड्याचे दार उघडले. खेळावर नेमका हक्क कोणाचा, हा प्रश्न या शहरात त्याआधी शंभर वर्षांपूर्वीच उभा राहिला होता. त्याला कृतीने उत्तर दिले नगेंद्रप्रसाद सर्वाधिकारी यांनी.

नगेंद्रप्रसादांचा जन्म १८६९ साली एका प्रतिष्ठित बंगाली कुटुंबात झाला. त्यांचे वडील सूर्यकुमार हे नामांकित डॉक्टर होते. १८७७च्या सुमारास, आईबरोबर गंगास्नानाला जात असताना या बालकाला मैदानावर चेंडू खेळणारे गोरे सैनिक दिसले. चेंडू सीमेबाहेर आला आणि कुतूहलाने पाहणाऱ्या नगेंद्रने तो पायाने परत टोलवला. त्या एका स्पर्शाने त्यांच्या आयुष्याला दिशा मिळाली.

ते हेअर स्कूलचे विद्यार्थी होते. सवंगड्यांनी वर्गणी काढून चेंडू विकत आणला. पण तो फुटबॉलचा नसून रग्बीचा निघाला! मुलांची धडपड पाहून प्रेसिडेन्सी महाविद्यालयातील प्राध्यापक स्टॅक यांनी त्यांना फुटबॉल मिळवून दिला व खेळाचे नियम शिकवले. पुढे नगेंद्रप्रसादांनी तरुणांना एकत्र करून अनेक क्रीडासंघ स्थापन केले.

त्यांपैकी वेलिंग्टन क्लबमध्ये त्यांच्या विचारांची खरी कसोटी लागली. मणी दास हा कुंभाराचा मुलगा उत्तम खेळत असे. नगेंद्रप्रसादांनी त्याला सभासद करून घ्यायचे ठरवले, तेव्हा उच्चकुलीन सभासदांनी विरोध केला. कुंभाराच्या मुलाबरोबर खेळणे त्यांना कमीपणाचे वाटत होते. अशा वेळी मणीला समजावून परत पाठवणे सोपे होते. नगेंद्रप्रसादांनी तसे केले नाही. स्वतःच्या परिश्रमाने उभा केलेला क्लबच त्यांनी विसर्जित केला.

१८८७ मध्ये त्यांनी शोभाबाजार क्लबची स्थापना केली. तेथे मणी दासला सन्मानाने प्रवेश मिळाला. १८९२ मध्ये या क्लबने ट्रेड्स चषक स्पर्धेत ईस्ट सरे या इंग्रज पलटणीच्या संघाचा पराभव केला. त्याच वर्षी खिदिरपूरची गोदीही सुरू झाली. मणी दास पुढे मोहन बागान संघातूनही खेळला. याच मोहन बागानने १९११ मध्ये इंडियन फुटबॉल असोसिएशनची ढाल जिंकून देशभर चैतन्य निर्माण केले. त्या संघातील बहुतेक खेळाडू अनवाणी खेळले होते.

१९४० साली नगेंद्रप्रसादांचे निधन झाले. भारतीय फुटबॉलचे जनक म्हणून त्यांचा गौरव केला जातो. तथापि त्यांचे मोठेपण केवळ चेंडू लोकप्रिय करण्यात नाही. खेळाने शरीर सुदृढ होते, शिस्त लागते, पराभव पचवण्याचे बळ येते. हे शिक्षण पुस्तकातून मिळत नाही. मात्र ज्या मुलांना त्याची सर्वांत अधिक गरज असते, त्यांनाच बहुधा मैदानाच्या कडेला उभे राहून इतरांचा खेळ पाहावा लागतो. अशा एका मुलाला आत घेण्यासाठी नगेंद्रप्रसादांनी आपला क्लब मोडला. खिदिरपूरच्या मुलींनी हातांत मुष्टियुद्धाचे मोजे चढवले, तेव्हा मैदान सर्वांचे आहे, हीच गोष्ट पुन्हा एकदा सिद्ध झाली.