निळ्या रंगाचे माप

आज आंध्र प्रदेशात असलेल्या भीमवरम या गावी १२ जानेवारी १८९५ रोजी येल्लाप्रगडा सुब्बाराव यांचा जन्म झाला. घरची गरिबी होती आणि अभ्यासात मुलाचे लक्ष नव्हते. लहानपणी एकदा, काशीच्या यात्रेकरूंना केळी विकून श्रीमंत व्हावे, या विचाराने ते घरातून पळून निघाले होते, असे सांगतात. मॅट्रिकची परीक्षा ते तिसऱ्या खेपेस उत्तीर्ण झाले. पुढे मद्रासच्या वैद्यकीय महाविद्यालयात असताना त्यांनी शस्त्रक्रियेच्या वेळी खादीचा पोशाख घातला. त्यामुळे त्यांच्या प्राध्यापकांचा रोष झाला आणि एम.बी.बी.एस. ऐवजी एल.एम.एस. ही दुय्यम पदवी त्यांच्या वाट्याला आली.

याच काळात संग्रहणीच्या विकाराने त्यांच्या घरावर घाला घातला. त्यांचे बंधू दगावले. पुढे तोच विकार त्यांनाही जडला. परंतु एका आयुर्वेदीय वैद्यांच्या उपचारांनी ते बरे झाले. या रोगाचे मूळ शोधावयाचे, असा निश्चय करून ते अमेरिकेतील बोस्टन शहरी गेले. तेथे रुग्णालयात रात्री हलकीसलकी कामे करून त्यांनी शिक्षण घेतले.

हार्वर्ड विद्यापीठात सायरस फिस्क यांच्या हाताखाली त्यांनी पहिले मोठे काम केले. रक्तात किंवा मूत्रात स्फुरद किती आहे, हे मोजण्याची अधिक चांगली रीत तेव्हा हवी होती. या दोघांनी रीत अशी बसविली, की विशिष्ट रसायने मिसळली असता द्रावणास निळा रंग यावा. स्फुरद जितका अधिक, तितका रंग गडद! रंगाची तुलना केली, की माप हाती येई. १९२५ मध्ये त्यांनी ही रीत एका शोधनिबंधात प्रसिद्ध केली.

शास्त्रज्ञ नवा निबंध लिहितो, तेव्हा ज्यांच्या कामाचा त्याने आधार घेतला, त्यांचा तो नावानिशी उल्लेख करतो. कोणत्या निबंधाचा उल्लेख किती ठिकाणी झाला, याची गणती पुढे होऊ लागली, तेव्हा सहस्रावधी निबंधांत या १९२५ च्या निबंधाचे नाव आढळले. अशा उल्लेखांच्या याद्यांत तो अग्रभागी आहे. मात्र उल्लेखांच्या संख्येवरून माणसाचे सारे काम कळत नाही, हे सुब्बाराव यांच्याच चरित्रात पुढे दिसते. याच मापाच्या साहाय्याने या दोघांनी १९२७ मध्ये स्नायूंतील फॉस्फोक्रिएटिन आणि १९२९ मध्ये ए.टी.पी. हे शक्ती पुरविणारे द्रव्य शोधून काढले. इतके होऊनही हार्वर्डमध्ये त्यांना कायमची जागा मिळाली नाही.

१९४० मध्ये ते न्यूयॉर्क राज्यातील पर्ल रिव्हर येथे लेडर्ली प्रयोगशाळेत गेले. तेथे त्यांच्या मार्गदर्शनाखाली १९४५ मध्ये फॉलिक आम्ल कृत्रिम रीतीने तयार झाले. ज्या संग्रहणीने त्यांचे बंधू हिरावले होते, तिच्यावर हे आम्ल गुणकारी ठरले.

बोस्टनचे डॉक्टर सिडनी फार्बर त्या वेळी रक्ताच्या कर्करोगाने पछाडलेल्या मुलांवर उपचार करीत होते. ही मुले काही आठवड्यांत किंवा महिन्यांत दगावत. फॉलिक आम्लाने हा रोग उलट वाढतो, असे फार्बर यांना वाटले. मग त्या आम्लासारखेच दिसणारे, परंतु त्याचे काम अडविणारे द्रव्य दिले तर? सुब्बाराव यांच्या प्रयोगशाळेने अशी द्रव्ये बनविली होती. त्यांपैकी ॲमिनोप्टेरिन हे फार्बर यांनी सोळा मुलांना दिले. वाढणाऱ्या पेशी फसल्या, त्यांची वाढ खुंटली आणि दहा मुलांच्या प्रकृतीस उतार पडला. अंथरुणास खिळलेली काही मुले हिंडूफिरू लागली. हा उतार तात्पुरताच होता, रोग पुन्हा उलटत असे. परंतु त्या रोगावर औषधाची मात्रा चालू शकते, हे प्रथमच दिसले होते.

जून १९४८ मध्ये फार्बर यांचा निबंध प्रसिद्ध झाला. त्याच्या लेखकांत सुब्बाराव यांचे नाव नव्हते. दोनच महिन्यांनी, ८ ऑगस्ट रोजी, पर्ल रिव्हर येथे त्यांचे झोपेतच निधन झाले. मायदेशी परतण्याचा योग त्यांना आला नाही.

ॲमिनोप्टेरिनचेच भावंड असलेले मेथोट्रेक्सेट हे औषध कर्करोगावर आणि संधिवातावर आजही दिले जाते. १९५३ मध्ये नव्याने आढळलेल्या एका बुरशीला शास्त्रज्ञांनी सुब्बारोमायसिस असे नाव दिले आणि १९९५ मध्ये भारताच्या टपाल खात्याने सुब्बाराव यांचे चित्र असलेले तिकीट काढले.